तोंडात धरलेला देव

मी पाण्याखाली होते आणि माझ्या तोंडात देव होता.

उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही. खरोखरचा देव, चांदीचा, अंगठ्याएवढा. त्याची कड जिभेला रुतत होती. डोक्यावर गढूळ पाणी, पायाखाली आमच्याच घराचा उंबरा, आणि मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं असतं तर देव वाहून गेला असता. देव गेला असता तर माझी जाऊ त्याच्यामागं गेली असती, कारण ती त्या घरातून बाहेर पडत होती ती फक्त देव माझ्या तोंडात आहे म्हणून. तेव्हा मी ओठ गच्च आवळले आणि मनातल्या मनात म्हणाले, आता तरी दिस की रे मेल्या!

हे कसं झालं ते सांगते.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. माझं माहेर सातारा जिल्ह्यात, डोंगराकडं. तिथं पाणी बघायचं तर खाली उतरावं लागतं. लग्न करून इथं आले तर इथं पाणीच माणसांना बघायला वर येतं. माझी जाऊ माझ्यापेक्षा थोरली, तिला मी आक्का म्हणते. आमच्या दोघींचे नवरे गेले, सासू-सासरे गेले, भांडायला आम्हीच एकमेकींना उरलो. एका घरात राहतो, एका गॅसवर शिजवतो. माझा मुलगा सांगलीत हळदीच्या पेठेत कामाला, सून आणि नातवंडं आमच्याजवळ. आक्काला एकच मुलगा, तो फौजेत.

आक्का देवाची. मी देवाशी भांडणारी. हात मीही जोडते, पण जोडताना विचारते. लहानपणी माहेरच्या देवळात दुपारी गाभाऱ्याचं दार लावून घ्यायचे. देव झोपलाय म्हणायचे. मी फटीला डोळा लावला. आत गुरव देवाला आंघोळ घालत होता. मुखवटा बाजूला काढून ठेवलेला, कापडं काढलेली, आणि खाली एक साधा दगड, दुधी भोपळ्याएवढा. मला त्या वेळी वाईट वाटलं नाही, उलट आनंदच झाला. म्हटलं, हा देव नाही, देव दुसरीकडं कुठंतरी आहे आणि इथं स्वतःच्या जागी दगड ठेवून पळालाय! गुरवानं कान पिळून घरी पाठवलं. त्या दिवसापासून मी ज्याला त्याला विचारत आले, तो पळाला का? कुणी म्हणायचं, आपल्या पापामुळं दिसत नाही. मग तान्ह्या पोरांना का दिसत नाही? कुणी म्हणायचं, तो सगळीकडं आहे म्हणून दिसत नाही. धूळही सगळीकडं असते, ती दिसते. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला यापुढं कुणी उत्तर देत बसत नाही. आक्का तेवढी बसायची.

त्या पावसाळ्यात आक्काच्या मुलाचा फोन येईनासा झाला. त्याची ड्युटी वर बर्फात होती. दर रविवारी फोन करायचा. एक रविवार गेला, दुसरा गेला. आक्कानं जेवण अर्ध्यावर आणलं आणि एका सकाळी देव पाण्यात घातला.

ही आमच्याकडची रीत. काही अडलं, जिवावर बेतलं, की देव्हाऱ्यातला टाक उचलायचा आणि पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवायचा. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला देव. आमचा जोतिबाचा. त्याला सांगायचं, माझं काम होईपर्यंत तुला बाहेर काढत नाही, बस तिथंच. म्हणजे विनवणी पण आणि शिक्षा पण. आक्कानं आमचं जुनं पितळी घंगाळ घासलं, त्यात प्यायचं पाणी ओतलं, देवाला तळाशी निजवलं आणि मधल्या खोलीत देव्हाऱ्याखाली मांडलं. रोज सकाळी पाणी बदलायची. बदलताना सुद्धा देव कोरडा पडू द्यायची नाही, आधी तांब्यात घ्यायची.

"त्याला सर्दी झाली म्हंजी?" मी विचारलं.

"तुझ्या जिभेला काय हाड हाय का?"

"न्हाई, म्हटलं पोरगं बर्फात, देव पाण्यात. दोघास्नी एकदमच औषध आनावं लागंल."

आक्का तांब्या घेऊन उठून गेली. दुपारी स्वतःच म्हणाली, "त्यो हुडकंल त्याला."

"आवं आक्का, जो आजवर कुनाला दिसला न्हाई, त्यो हरवलेल्याला काय हुडकनार?"

"दिसत न्हाई म्हून तर सगळीकडं हिंडाय येतंय त्याला," ती म्हणाली. "दिसला असता तर लोकांनी दारातच बसवून ठिवला असता."

मला ते पटलं. पण तसं तिला सांगितलं नाही.

मग नदी वाढली. ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावरून सकाळपासून सांगत होते, गाव सोडा, माळावर चला. ट्रॅक्टर आला. सून पोरांना, कपड्यांच्या गाठोड्यांना आणि म्हशीला घेऊन निघाली, कोंबड्या डालग्याखाली झाकलेल्या तशाच राहिल्या. "आत्या, चला की, थोरल्या आत्यास्नी घ्या," म्हणून रडकुंडीला आली. आक्का देव्हाऱ्यापुढं मांडी घालून बसलेली.

"मी न्हाई येत. देव पान्यात हाय."

"घंगाळ घ्या मांडीवर," मी म्हणाले.

"पान्यातला देव उंबरा वलांडत न्हाई. आत्याबाईंनी सांगितलंय मला."

आत्याबाई म्हणजे आमची सासू. मला कधी सांगितलं नव्हतं. थोरलीला बरंच काही सांगून गेली ती.

मी सुनेला म्हटलं, तू हो पुढं, दुसऱ्या खेपेला हिला घालून आणते. मी मागं राहिले ते काही मोठ्या मायेनं नाही. मी एकटी माळावर गेले असते तर सगळ्या गावानं विचारलं असतं, थोरलीला कुठं सोडलीस? त्याला जन्मभर उत्तर देत बसण्यापेक्षा पाणी परवडलं.

दुसरी खेप आलीच नाही. रस्त्यावरचा पूल बुडाला. आम्ही पुढचं दार बघत बसलो, नदी त्या बाजूला म्हणून. आणि पाणी आलं मागून, ओढ्यातून, आवाज न करता. मागची पाणी तापवायची चूल भिजली तेव्हा कळलं. आक्कानं घंगाळ उचलून लाकडी पेटीवर ठेवलं.

"हलवला की देव," मी म्हणाले.

"हलवला न्हाई. वर उचलला."

मग पेटी तरंगायला लागली, तेव्हा ती घंगाळ छातीशी धरून अंथरुणाच्या घडवंचीवर चढली. मी फोन घेऊन पत्र्याखाली हात वर करून उभी. फोनमध्ये रेंजची एक कांडी नव्हती.

"आक्का, टावर बंद पडलाय. पोरानं फोन लावला तरी लागायचा न्हाई. देवानं लावला तरी लागायचा न्हाई. बातमी येनार कुठनं?"

"यील."

"आन तोवर?"

"तोवर त्यो पान्यात, मी पान्यात."

इतक्यात बाहेर गलका झाला. "कोन हाय का घरात? आज्ये! थोरल्या आज्ये!" गुऱ्हाळवाला आणि त्याचा भाऊ. आणि काय घेऊन आले होते म्हणता? काहील! गूळ आटवायची लोखंडी काहील, एखाद्या खोलीएवढी रुंद. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असतं, काहील पालथी पडलेली असते. त्या दोघांनी ती उलथून पाण्यात सोडली होती आणि वेळूनं रेटत गल्लीतून आले होते. ज्या गल्लीत मी पन्नास वर्षं शेण सारलं, त्या गल्लीतून काहील तरंगत आली! मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या.

पण काहील दारातून आत येईना. पुढच्या सोप्यात पाण्याला ओढ होती. त्यांनी दोर आत फेकला आणि ओरडले, "दोनी हातानं धरा आन चालत या! मागची भित फुगलीया, लवकर!"

दोन्ही हातांनी. आक्का घडवंचीवरून उतरली, पण तिच्या दोन्ही हातांत घंगाळ.

"टाका त्यो देव पान्यात!" मी ओरडले.

"पान्यातच हाय की गं!" ती म्हणाली.

आणि आम्ही दोघी हसलो. छातीएवढ्या पाण्यात, मागं भिंत फुगलेली, बाहेर माणसं शिव्या घालतायत, आणि आम्ही हसतोय. हसता हसता मला एकदम रागच आला, आणि राग आला तसं डोक्यात लख्ख पडलं.

"आक्का, त्यो का दिसत न्हाई सांगू? ह्यो एवढासा आपल्या हाताला घावला, तर आपुन त्याला बुडवून ठिवलाय! पोराचा फोन येईस्तवर बस म्हनलं! आख्खा घावला असता तर काय केलं असतं आपुन त्याचं? कोन कशाला बाहीर यील? मी असते तर मी बी लपले असते!"

आक्कानं घंगाळ आणखी घट्ट धरलं. "असं बोलू नगंस," ती हळूच म्हणाली, पण घंगाळाकडं बघत म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण हात काही सुटले नाहीत. बोलून कुणाचे हात सुटत नाहीत.

"आन उंबरा कुठं राहिलाय वलांडायला? उंबरा कवाच बुडाला. आता आख्खं घरच घंगाळ झालंय."

"पर त्यो पान्यात ऱ्हायला पायजे," ती हट्टानं म्हणाली. "फोन येईस्तवर. माझं पोरगं हाय गं तिकडं."

तेव्हा मी ते केलं. विचार करून केलं असं म्हणणार नाही. घंगाळात हात घातला, टाक उचलला, तोंडात ठेवला आणि घंगाळाला तोंड लावून वर एक घोट पाणी भरून घेतलं. गाल फुगवून तिच्यापुढं उभी राहिले. देव पाण्यात. हात मोकळे.

"आगं! उष्टा केलास की देव!"

पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिनं मला काही म्हटलं आणि मला उत्तर देता आलं नाही. मी दोर धरला आणि दाराकडं निघाले. मला ठाऊक होतं, ती माझ्यामागं येणार नाही, पण देवामागं येईल. आली. घंगाळ सोडलं, ते तरंगत कोपऱ्यात गेलं, आणि तिनं दोन्ही हातांनी दोर धरला. मागून तिची सरबत्ती चालू. "गिळू नगंस गं! दात लावू नगंस! शिंकू नगंस!"

सोप्यातून जाताना मागची भिंत बसली. धडाम असा आवाज नाही झाला. ओल्या मातीचा असतो तसा, कुणीतरी मोठ्यांदा उसासा सोडल्यासारखा. पण मागं तुंबलेलं सगळं पाणी एकदम आमच्यावर आलं. माझा दोर सुटला आणि मी खाली गेले.

तर तिथं होते मी. पाण्याखाली, उंबऱ्यावर, तोंडात देव. घोटभर पाणी कधीच गिळलं होतं, पण बाहेर पाणीच पाणी होतं, तेव्हा त्या बाबतीत माझं चुकलं नव्हतं. लोक सांगतात, अशा वेळी सगळा जन्म डोळ्यापुढून जातो. माझ्या डोळ्यापुढं चिखल होता. छाती फुटायला आली. मला आरडाओरडा करायचा होता, आणि जन्मभर आरडाओरडा केलेल्या बाईला नेमकं तेव्हा तोंड उघडायची बंदी.

वरून आवाज आला. पाण्याखाली शब्द कळत नाहीत, पण तो आवाज आक्काचा नव्हताच असं मला वाटलं. आक्का परक्या पुरुषांपुढं कधी मोठ्यांदा बोललेली नाही. गुऱ्हाळवाल्यानं मागून सांगितलं ते असं. आक्का बेंबीच्या देठापासून ओरडली, "चांगभलं! चांगभलं! बाई बुडाली रं! हितं, हितं, माझ्या पायापाशी!" आणि एक हात दोरावर ठेवून दुसरा पाण्यात खुपसला. माझा अंबाडा तिच्या हातात आला. तिनं मला केसांना धरून वर ओढलं. सासू असताना सुद्धा कुणी माझ्या केसांना हात लावला नव्हता.

त्या दोघांनी आम्हाला पोत्यासारखं काहिलीत टाकलं. आणि काहील फिरायला लागली. काहिलीला ना पुढा ना मागा, ती गरगर गरगर फिरते. गुऱ्हाळवाला वेळूनं एका बाजूला रेटतोय, भाऊ दुसऱ्या बाजूला, आणि मी मध्ये पाय पसरून बसलेली, आकाश फिरतंय, झाडाचे शेंडे फिरतायत, देवळाचा कळस एकदा डाव्या हाताला, एकदा उजव्या. खरं सांगते, मला मजा आली. मेलेलं माणूस परत आलं की त्याला लाज राहत नाही. तोंड मोकळं असतं तर मी किंचाळले असते आनंदानं. तळाशी जुन्या गुळाचा वास येत होता.

"धाकल्या आज्ये, लागलं का कुटं?" गुऱ्हाळवाल्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"आवं बोला की! हिची वाचा बसली का काय?" भाऊ घाबरला. "गावात काय सांगायचं, हिची वाचा आपल्या काहिलीत बसली म्हून?"

"तिच्या तोंडात देव हाय," आक्का म्हणाली.

"आमच्याबी तोंडात देवाचंच नाव हाय थोरल्या आज्ये, पर बसा खाली, काहील कलंडंल!"

हसू आवरताना माझं नाक वाहायला लागलं. आक्का माझ्या हनुवटीखाली एक तळहात धरून बसली होती, देव पडला तर झेलायला. दुसऱ्या हातानं मधून मधून पाणी घेऊन माझ्या ओठांवर सोडायची, देव कोरडा पडू नये म्हणून. थंडीनं तिचे दात वाजत होते. आणि मी तिच्याकडं बघत गप्प. तेव्हा मला एक गोष्ट कळली. देव तोंडात असताना देवाबद्दल एक अक्षर बोलता येत नाही. विचारता येत नाही, भांडता येत नाही, त्याचं नावसुद्धा घेता येत नाही. तो असा सगळ्यांच्या तोंडात, डोळ्यांत येऊन बसला असता, तर माणसं मुकी राहिली असती. आक्का ओरडली कशी असती?

माळावर शाळेपाशी उतरलो. माझी सून धावत आली, आणि तिच्याही आधी ट्रॅक्टरवाला. हातात फोन.

"थोरल्या काकी, घ्या हे. हितं माळावर दुसरी रेंज घावतीया, आन तुमच्या फौजीनं सकाळपास्नं माझा जीव खाल्लाय. टीव्हीवर पानी बघितलंय त्यानं. दर घटकेला फोन. आई कुठाय, काकी कुठाय!"

आक्कानं फोन उलटा धरला. सुनेनं सुलटा केला. मी शेजारी कान लावला. तो बर्फात अशा जागी होता की तिथून फोन लागत नव्हता, खाली आला तर इथला लागेना. तिकडून तो ओरडत होता, "आई, तू बुडलीस म्हणून मी इथं मेलो होतो!" आणि आक्का म्हणत होती, "मी कशाला बुडू? जेवलास का?"

मग ती माझ्याकडं वळली. पदर पुढं केला.

मी देव पदरात सोडला. त्याच्यावर रक्त होतं, कड लागून माझी जीभ कापली होती. आक्कानं तो कपाळाला लावला, तसाच.

"खारट हाय तुमचा देव," मी म्हणाले. माझा पहिला शब्द.

सगळे हसले. चुलीवर कुणाचातरी चहा होता तो आम्हाला दिला. माझ्या जिभेला तो इतका झोंबला की डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याला दुसरा काही अर्थ नव्हता.

आमचं तेव्हाच सुरू झालं. आक्का म्हणाली, "देवानंच तुझं तोंड बंद ठिवलं. वराडली असतीस तर गढूळ पानी पोटात गेलं असतं, तिथंच संपली असतीस."

"मला देवानं न्हाई काढली. केसाला धरून काढली. अजून डोकं दुखतंय."

"हात कुनाचा दिसला तुला?"

"तुमचा."

"मग, माझा न दिसता त्याचा दिसला असता, तर तू मला मानलं असतंस का?"

त्यानंतर पुष्कळ वर्षं नाही झाली, पण हे भांडण आम्ही पुष्कळ वेळा केलं आहे. ती म्हणते, तो मागं राहतो म्हणजे माणसाला माणूस दिसावं. मी म्हणते, तो घाबरतो, आपण सापडेल त्याला घंगाळात घालतो म्हणून. दोघींपैकी कुणी मागं हटलेलं नाही. एवढं मात्र झालं, आक्कानं पुन्हा देव पाण्यात घातला नाही. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी मुद्दाम विचारलं, घालू का घंगाळात? तर म्हणाली, "नगं. बाहीर असला तर काय तरी करंल."

घंगाळ पाणी उतरल्यावर सापडलं, शेजारच्या उसात, चेंबलेलं. आता त्यात कोथिंबीर लावली आहे. टाक नव्या देव्हाऱ्यात आहे. त्याच्या एका कडेला माझ्या दाताची खूण आहे. सोनाराकडं नेऊन ती काढू म्हटलं तर आक्का नेऊ देत नाही.

डालग्याखालच्या कोंबड्या गेल्या. मागची भिंत, देव्हाऱ्याची खोली आणि पेटी गेली. त्या घरातून दोन बायका जिवंत बाहेर आल्या, माझी जाऊ आणि मी.